गार हातांच्या वकीलबाई

कोर्टात शिरण्याआधी आमच्या वकीलबाई पक्षकाराचा हात हातात घ्यायच्या. लांबून पाहणाऱ्याला वाटायचं, काय मायाळू बाई आहे, धीर देतेय बिचारीला. तसलं काही नसायचं. हात धरून त्या फक्त विचारायच्या, "माझा गार की तुमचा?"

मला त्यांनी पहिल्यांदा हे विचारलं तेव्हा मी अंधेरी कोर्टाच्या जिन्यापाशी भिंतीला टेकून रडत होते. आदल्या संध्याकाळी माझ्या नवऱ्याला पोलीस घेऊन गेले होते आणि आता त्याला न्यायाधीशांसमोर उभं करणार होते. साठीच्या आसपासची एक ठेंगणी बाई पुढ्यात आली. पांढरी साडी, काळा कोट, गळ्यातला क्रॉस कॉलरच्या आत सरकवलेला. तिने काही न विचारता माझा हात धरला. बर्फातून काढलेलं पापलेट हातात यावं तसा तो हात होता. मी दचकून रडायचीच थांबले.

"तुमचाच गार," मी म्हटलं.

"मग बरंय. ज्याचा हात गार, त्याची तयारी जास्त." त्या म्हणाल्या. "आता घाबरायचं तेवढं घाबरा, बाय. पण गप्प घाबरा. बोलायचं काम माझं."

अटकेतल्या माणसाला सरकारकडून मोफत वकील मिळतो, त्यातल्या त्या एक. हे कळल्यावर माझा धीर आणखीच खचला. आमच्या शेजारणीने सकाळीच ऐकवलं होतं, फुकटचं औषध आणि फुकटचा वकील लागू पडत नाही. माझ्या चेहऱ्यावर ते बाईंना दिसलं असावं. "हा तुमचा हक्क आहे, उपकार नाही," त्या म्हणाल्या. "आणि मी वाईट आहे असं वाटलं तर बदलून मागायचं. लाजायचं नाही." वर असंही म्हणाल्या की ज्या वकिलाला भीती वाटत नाही त्याच्याकडे मुळीच जाऊ नका, तो कागद वाचत नाही. मला ते ऐकून हसावं की रडावं कळेना.

काय घडलं होतं ते आता सांगते, म्हणजे तुम्हाला बाई नीट कळतील.

मरोळकडच्या आमच्या जुन्या इमारतीत आमच्या समोरच्या दारात एक काकी राहायच्या. मालवणकडच्या. यजमान गेल्यावर त्या बऱ्याचदा गावीच असत. घराची किल्ली आमच्याकडे, आणि सोबत एक काम. घर बंद असलं तरी संध्याकाळी देवापुढे दिवा लागला पाहिजे. आमच्याकडे ही रीतच आहे. बंद घरातला देव अंधारात ठेवत नाहीत. माझा नवरा लिफ्टचा मेकॅनिक. कामावरून आला की हातपाय धुऊन आधी काकींकडे दिवा लावायचा, मग आपल्या घरी चहा. कितीतरी वर्षं हे चाललं होतं.

त्या दिवशी काकांचं दरवर्षीचं श्राद्ध होतं. काकींनी सकाळीच गावाहून फोन करून दिव्याची आठवण केली. दुपारी काकींचा पुतण्या विरारहून आला, कुणाला काही न सांगता दाराला नवं कुलूप लावलं आणि कुठेतरी निघून गेला. इमारत पाडून नवी बांधायचं घाटत होतं. तेव्हापासून त्याचं काकूवरचं प्रेम अचानक वाढलं होतं. संध्याकाळी नवरा आला तर किल्ली लागेना. काकींना फोन लागेना. ऊन उतरत चाललं होतं. त्याच्या खिशात कायम स्क्रूड्रायव्हर. त्याने कडीचे स्क्रू काढले, आत जाऊन दिवा लावला आणि बाहेर येऊन कडी पुन्हा बसवत असताना पुतण्या जिना चढून आला.

पुतण्याने आरडाओरडा केला, पोलीस आले. कपाटातली चांदीची भांडी गेली, असं त्याने सांगितलं. आणि माझ्या नवऱ्याने काय करावं? दोन्ही हात जोडले आणि म्हणाला, "चुकलं साहेब."

हे "चुकलं" म्हणजे त्याचा श्वास. कुणाचा धक्का लागला की हाच म्हणणार, चुकलं. ताटात मी मीठ वाढायला विसरले तरी हाच, चुकलं. त्याच्या आईने लहानपणी वळण लावलं होतं, मोठ्या माणसापुढे आधी चुकलं म्हणावं, मग बोलावं. त्या दिवशी मोठी माणसं खाकीत होती. त्यांनी ते गुन्ह्याची कबुली म्हणून लिहून घेतलं.

त्या पहिल्या दिवशी पोलिसांचा कोठडी मागणारा अर्ज वाचून बाईंनी मला बाजूला घेतलं. "रात्रीची घरफोडी आणि राहत्या घरात चोरी," त्या म्हणाल्या.

"रात्र कुठे होती? दिवेलागण होती," मी म्हटलं.

"सूर्य बुडाला की कायद्याची रात्र सुरू होते, बाय. तुमच्या घरात दिवे लागतात ना, तेव्हाच."

"पण फोडलं कुठे? स्क्रूच काढले."

"कडी काढली, कुलूप उघडलं, खिडकीतून चढलं, सगळं फोडण्यातच धरतात."

शिक्षा किती, हे मी विचारायला नको होतं. चोरीसाठी रात्री घर फोडलं तर चौदा वर्षांपर्यंत, असं त्यांनी सरळ सांगितलं. कायदा नुकताच बदलला होता, कलमांचे आकडे नवे आले होते. "आकडे बदलले, भीती तीच," असं म्हणून त्यांनी मला जिन्याच्या पायरीवर बसवलं आणि पिशवीतला स्वतःचा जेवणाचा डबा काढला.

"हा डबा तुमचा. मी न विचारता उघडला. काय केलं मी?"

"उघडला."

"चोरी केली?"

"ते तुम्ही कशाला उघडला त्यावर..."

"तेच! भाजी खायला उघडला, की तुम्ही सांगून गेला होता, जरा झाकण उघड, वाफ जाऊ दे, म्हणून उघडला? झाकण दोन्ही वेळा निघालंच. घरफोडीत दाराचं नंतर बघतात, आत शिरताना मनात काय होतं ते आधी. त्यांना तुमच्या नवऱ्याच्या मनात चोरी दाखवावी लागेल. आपल्याला त्याच्या मनातला दिवा दाखवायचाय."

मी मान डोलावली. कळलं किती ते देव जाणे. पण एवढं आठवतं, डब्यात दुधी होता आणि तो त्यांनी मला अर्धा खायला लावला.

काही दिवस नवरा कोठडीत होता. मी दवाखान्यात, म्हणजे जिथे रिसेप्शनला बसते तिथे, पेशंटना चुकीच्या वेळा देत होते. जिन्यावर बुटांचा आवाज झाला की हातातलं काम टाकून दाराशी जायचे. इमारतीतली माणसं माझ्याशी बोलताना माझ्या हातातल्या पिशवीकडे बघतायत असं वाटायचं. बघतही असतील. जामीन झाला तेव्हा दोन अटी आल्या, ठाण्यात हजेरी द्यायची आणि साक्षीदारांशी अजिबात बोलायचं नाही. साक्षीदारांत काकीही होत्या. म्हणजे जी एक बाई सगळं सांगू शकली असती, तिला फोन करायचीच बंदी. आणि पुतण्या तिकडे गावी तिच्या उशाशी.

जामिनानंतर बाईंनी नवऱ्याला समोर बसवलं आणि "चुकलं" या शब्दावर बंदी घातली. कोर्टासमोरच्या चहाच्या टपरीवर तालीम चालायची. बाई चहा प्यायच्या नाहीत. ग्लास दोन्ही हातांत धरून नुसता हात शेकायच्या.

"कडी तुम्ही काढली?"

"हो बाई, चुकलं."

"फक्त हो. पुन्हा. स्क्रूड्रायव्हर तुमचा?"

"हो... चु..."

"परबसाहेब!"

"चुकलं बाई."

टपरीवाला भय्या हसून हसून बेजार व्हायचा. आम्ही घरीही हा खेळ चालू ठेवला. नवरा चुकलं म्हणाला की मी टाळी वाजवायची. पहिल्या आठवड्यात आमच्या घरात भजनी मंडळ बसलंय असं कुणालाही वाटलं असतं. इतक्या भीतीतही आम्ही हसत होतो, याचं मला अजून नवल वाटतं.

बाईंचा एक जुना पक्षकार मला तिथेच भेटला. खराखुरा घरफोड्या, वांद्र्यापासून बोरिवलीपर्यंतच्या खिडक्या ओळखणारा. तो मला दिलासा देत म्हणाला, "ताई, टेन्शन नका घेऊ. मॅडमचा हात बघितला का? जेवढा गार ना, तेवढी केस फिट. एकदा गरम होता तर माझी वाट लागली यार, सहा महिने आत." बाई त्याच्यावर डाफरल्या, "त्या वेळी मला ताप होता रे!" तो गेल्यावर मात्र म्हणाल्या, "ह्याला भीती वाटत नाही. म्हणून ह्याची मला जास्त भीती वाटते."

खटला उभा राहिला. पुतण्याची साक्ष झाली. भांडी कुठली, किती, यावर तो दर वेळी वेगळं बोलला. भांडी काही कुठे सापडली नव्हती. ती खरंच होती की नव्हती, ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. बाईंनी त्याला शांतपणे बोलू दिलं. "हे बरं झालं, पण पुरत नाही," त्या बाहेर येऊन म्हणाल्या. "आत जायला कुणी सांगितलं नव्हतं, यावर तो ठाम आहे. काकींचा सकाळचा फोन आला होता, हे दाखवता येतं. फोनवर काय बोलल्या, ते दाखवता येत नाही."

मग काकींच्या साक्षीची तारीख आली.

त्या दिवशी बाईंनी माझा हात धरला. पण कुणाचा गार ते विचारलंच नाही. "आम्हाला शिकवतात, ज्याचं उत्तर माहीत नाही असा प्रश्न साक्षीदाराला विचारू नये," त्या हळूच म्हणाल्या. "आज विचारावा लागणार. उलटं उत्तर आलं तर तुमचा नवरा गेला, बाय, आणि मी घालवलेला असेल." खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला त्यांचा राग आला. असं कुणी बोलतं का पक्षकाराच्या बायकोला?

काकींना पुतण्याने दंडाला धरून आणलं. केवढ्याशा झाल्या होत्या. सरकारी वकिलांनी विचारलं, तशा त्या घोटून घेतल्यासारख्या बोलल्या. मी कुणाला आत जायला सांगितलं नाही. माझं कुणाशी बोलणं नाही. बोलताना आमच्याकडे बघत नव्हत्या. पिंजऱ्यात माझा नवरा खाली मान घालून उभा, ओठ हलत होते. मला ठाऊक होतं तो काय पुटपुटतोय.

बाई उठल्या. किल्लीचं विचारलं नाही, फोनचं विचारलं नाही. घरात समोरासमोर बसून विचारावं तसं त्यांनी विचारलं, "काकी, तुमच्या मुंबईच्या घरात आता संध्याकाळी देवापुढे दिवा कोण लावतं?"

पुतण्या पुढे सरकला. त्याने सगळं पाठ करून घेतलं होतं, एवढंच राहून गेलं होतं. काकींचा चेहरा हळूहळू ओला झाला.

"कोण नाय लावणत गो," काकी म्हणाल्या. "ह्येका नेल्यानी, तेव्हापासून देवाकडे काळोखच आसा." आणि मग कुणी न विचारता, पिंजऱ्याकडे बघून, मोठ्याने, "मीच सांगलंय तेका! कायव कर, पण दिवो लाव, म्हणान सांगलंय. त्या दिवशी ह्येंचा वरीस होता."

न्यायाधीशांनी लिहिणं थांबवून वर पाहिलं. बाई म्हणाल्या, "आणखी काही विचारायचं नाही," आणि खाली बसल्या. बसताना त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली होती.

शेवटी न्यायाधीशांनी नवऱ्याला विचारलं, तुम्हाला काही सांगायचंय का. तो म्हणाला, "चु..." बाईंना एकदम खोकला लागला. "दिवा लावायला गेलो होतो, साहेब," तो म्हणाला. पुढे काही नाही.

तो निर्दोष सुटला. निकाल ऐकून मी बाईंच्या गळ्यात पडले, त्या म्हणाल्या, "सोड गं, कोट चुरगळतो," आणि स्वतः ढसाढसा रडल्या. आम्ही पेढे नेले तर एकच उचलला. त्यांची भीती संपली होती. माझीही बरीचशी.

नवऱ्याची संपली नाही. सुटला त्याच आठवड्यात इमारतीतल्या सगळ्यांच्या किल्ल्या त्याने ज्याच्या त्याला परत केल्या. खिशात स्क्रूड्रायव्हर ठेवणं बंद. मी घरी नसले तर स्वतःच्या दाराबाहेर, किल्ली हातात असून, पायरीवर बसून राहायचा. काकी परत राहायला आल्या, त्यांनी हाक मारली तरी तो उंबरठ्याच्या बाहेरूनच बोलायचा. कोर्टाने सोडलेल्या माणसाला मी रोज असं दाराबाहेर बसलेलं बघत होते आणि मला वाटायचं, ती चौदा वर्षं हा घरीच काढणार.

हे मी बाईंना सांगितलं. त्यांनी आम्हाला त्यांच्या घरी बोलावलं. जवळच्याच एका गावठाणात त्यांचं बापजाद्यांचं घर होतं; बैठं, लाकडी खांबांचं, भोवती टोलेजंग इमारती. एकट्याच राहायच्या. बाहेरच्या खोलीत मेरीमातेची मूर्ती आणि पुढे मेणबत्ती. चहा झाल्यावर त्यांनी घराची किल्ली नवऱ्यापुढे ठेवली.

"मी बहिणीकडे वसईला चाललेय थोडे दिवस. संध्याकाळी एक मेणबत्ती लावायची."

नवरा खुर्चीतून उठलाच. "नको बाई. दुसऱ्याच्या घरात... नको. उगाच चुकून काही..."

"चुकूनसुद्धा बंद, परबसाहेब. काकींना दिवा कोण लावतं हे मी विचारलं ते कशाच्या जोरावर? मला वाटलं, माझं घर बंद असतं तर मलाही हेच एक खुपलं असतं." मग त्यांनी त्याला युक्ती सांगितली. "दारात उभं राहायचं आणि गल्लीला ऐकू जाईल असं ओरडायचं, मेणबत्ती लावायला आलोय! शिरताना मनात काय आहे ते कायदा विचारतो ना? आपण आधीच सांगून टाकायचं. मग उघडायचं."

त्याने किल्ली घेतली. निघताना बाईंनी त्याचा हात धरला. "माझा गार की तुमचा?" तो म्हणाला, "माझा." बाई खूश झाल्या.

पहिल्या संध्याकाळी मी सोबत गेले. तो दारात उभा राहिला, घामाने डबडबलेला, आणि इतक्या बारीक आवाजात म्हणाला की मलाच ऐकू आलं नाही. समोरच्या पडवीत एक म्हातारी सुकट निवडत बसली होती. ती ओरडली, "काय बोलतंस? मोठ्यान बोल ना!" मग तो बोंबललाच, "मेणबत्ती लावायला आलोय!" म्हातारी म्हणाली, "बरं, जा." रोज हेच. हळूहळू तो एकटा जाऊ लागला. त्याचा आवाज मोकळा झाला. एक दिवस येऊन मला म्हणाला, "म्हातारी म्हणते, थोडं हळू बोल, कान फाटतात." किती दिवसांनी तो असा हसला होता.

वसई वगैरे खोटं होतं. बाई हृदयाच्या ऑपरेशनसाठी दाखल झाल्या होत्या. त्यांनी आम्हाला सांगितलं नाही. गप्प घाबरल्या.

त्यांच्या बहिणीचा फोन दुपारी आला, बाई ऑपरेशनमधून उठल्याच नाहीत. संध्याकाळी आम्ही दोघं गावठाणात गेलो. नवरा नेहमीसारखा दारात उभा राहिला, किल्ली हातात. तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. मी त्याचा हात धरला, गारठलेला होता. पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा नाही. सूर्य समोरच्या इमारतीमागे गेला. कायद्याची रात्र सुरू झाली होती आणि त्याच्याने दार उघडवेना.

तेव्हा समोरच्या पडवीतली म्हातारी सुपावरचा हात थांबवून उठली, खांबाला धरून उभी राहिली आणि त्या बंद दाराकडे तोंड करून ओरडली, "बाय, मेणबत्ती लावाला आयलाय गो तो!"

नवऱ्याने किल्ली फिरवली आणि आत गेला.